वर्त्मशुद्धी : नेत्रचिकित्सेची राहून गेलेली पहिली पायरी

गडहिंग्लज परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यातील डोळ्यांचे रुग्ण वाढतात, हा येथील आपणा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. फडात पाला पेटवल्यावर उडणारी काजळी, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, ऊसवाहतुकीने रस्त्यावर उठणारी धूळ आणि पुढे बाजारात संकेश्वरी मिरची आली की तिचा खकाणा, या साऱ्यांना प्रथम तोंड द्यावे लागते ते पापण्यांना. रुग्ण सांगतो, "डोळ्यांत खडं टोचल्यागत होतंय", "सकाळी डोळं चिकटत्यात", "पापणीला नुसती खाज सुटतीया". आम्ही बॅटरीच्या उजेडात लाली पाहतो आणि थेंबांची बाटली लिहून देतो. अनेक रुग्ण तर त्याआधीच औषध दुकानातून दोन-तीन बाटल्या संपवून आलेले असतात. या सर्व व्यवहारात एका जागेकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे पापणीची कड, जेथून केस उगवतात ती अरुंद रेषा.

नेत्रबिंदूची बाटली हाती देण्यापूर्वी पापणीची कड पाहावी व ती स्वच्छ करण्याची रीत रुग्णाला हाताला धरून शिकवावी, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. हे मत ग्रंथवाचनातून झाले असे म्हणण्याचा आव आम्ही आणीत नाही. ते आमच्याच एका चुकीतून झाले.

जवळच्या एका खेड्यातील सत्तरीच्या आजी डोळ्यांची आग व खाज घेऊन आमच्याकडे येत असत. आम्ही नेत्रबिंदू दिले, पोटात त्रिफळा घृत दिले, पथ्य सांगितले. महिन्याने नेत्रबिंदू बदलले, पुन्हा बदलले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा मूळपदावर. दरम्यान त्यांचे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव लागले आणि तपासणीच्या दिवशीच त्यांना परत पाठवण्यात आले. शस्त्रवैद्यांनी सांगितले, पापण्या आधी स्वच्छ करून या, मगच शस्त्रक्रिया. आजी आमच्याकडे आल्या त्या रागावलेल्याच. म्हणाल्या, "डाक्टर, औषध तर तुमी लई दिलं, पर पापण्या धुवाया कवा सांगितलंच न्हाई की!" त्या दिवशी आम्ही प्रथमच भिंग घेऊन त्यांच्या पापणीच्या कडेकडे पाहिले. केसांच्या मुळांशी कोंड्याचे पापुद्रे होते, काही केसांभोवती तर मेणाची नळी चढवावी तसे आवरण होते, आणि कडेवरच्या ग्रंथींची तोंडे पिवळट टोप्यांनी बुजली होती. शेक आणि स्वच्छता, एवढाच उपक्रम चार आठवडे सांभाळला. पुढच्या तारखेला शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली.

शस्त्रवैद्यांचा आग्रह योग्यच होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर दृष्टी घेऊन जातो. आणि त्यातील जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरून आलेले असतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डोळा व पापण्या पोव्हिडोन आयोडीनने धुण्याची रीत जगभर पाळली जाते. आपल्या भागातील शेकडो वृद्ध दरवर्षी अशा शस्त्रक्रियांना सामोरे जातात. त्यांतील बरेच जण त्याआधी आपल्याकडे, किंवा शेजारच्या औषध दुकानात, महिनोन्‌महिने येत असतात. त्यांच्या पापण्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.

मराठीत 'पापणी' हा एकच शब्द झाकण आणि त्यावरचे केस या दोन्हींसाठी वापरला जातो. आपल्या शास्त्रात मात्र वर्त्म आणि पक्ष्म असे दोन स्वच्छ शब्द आहेत, आणि हा भेद व्यवहारातही उपयोगी आहे. वर्त्माच्या आत, कडेला लंब अशा, तैलस्राव करणाऱ्या ग्रंथींची ओळ असते. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्या साधारण पंचवीस ते चाळीस असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. प्रत्येक उघडझापीबरोबर त्यांतून किंचित तेल अश्रूंवर पसरते व अश्रू उडून जाण्याचे थांबते. ग्रंथींची तोंडे बुजली, तेल थिजले, की अश्रू असूनही डोळा कोरडा पडतो. म्हणूनच 'डोळ्यांतून पाणी वाहते आणि तरी कोरडे वाटते' असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. अशा डोळ्यात कितीही थेंब घातले तरी मूळ अडथळा कडेवर तसाच राहतो. पक्ष्माच्या मुळाशी साचणारा कोंडा व जंतू ही दुसरी बाजू. दोन्ही बहुधा एकत्रच नांदतात. ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांच्या भुवया व पापण्या पाहाव्यात; डोक्याचा उपचार केल्याविना पापणीचा उपचार टिकत नाही.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग सांगितले व त्यांतील एकवीस केवळ वर्त्माश्रित मानले. डोळ्याचा इतका मोठा भाग त्यांनी झाकणाला दिला, यातच त्यांची दृष्टी कळते. अंजननामिका, म्हणजे आपली घरगुती रांजणवाडी, घ्या. तिच्या चिकित्सेत प्रथम स्वेदन आहे, मग भेदन करून पीडन, आणि त्यानंतर मनःशिला, एला, तगर, सैंधव यांचे मधासह प्रतिसारण. लेखनसाध्य वर्त्मरोगांतही पापणी उलटून, सोसवेल अशा उष्णोदकात बुडवलेल्या वस्त्राने शेकल्यावरच शस्त्राला हात लावावयाचा आहे. औषधाची पाळी नेहमी शेक आणि शोधन यांच्यानंतर येते. विडालकाचा लेप पापणीवर बाहेरून, परंतु पक्ष्म सोडून करावा, हा शार्ङ्गधरांचा दंडकही विसरण्याजोगा नाही. केसांच्या मुळांशी काही साचू नये, ही काळजी त्यात उघड दिसते. आणि आम्ही? लेप सांगताना 'डोळे मिटून सगळीकडे लावा' म्हणून मोकळे होतो.

येथे कृमिग्रंथीचा विषय निघणारच. सुश्रुतांच्या नऊ संधिगत रोगांत तो येतो. वर्त्म आणि पक्ष्म यांच्या सांध्यात कृमी उत्पन्न होऊन खाज आणतात, असे तेथे वर्णन आहे. आधुनिक वैद्यकात डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म कीटकाची चर्चा अलीकडे फार होते. तो केसांच्या मुळांत राहतो, लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि आजींच्या केसांभोवती दिसलेले नळीसारखे आवरण हीच त्याची खूण. याकोब हेन्ले यांनी १८४१ मध्ये त्याची प्रथम नोंद केली, तर गुस्ताव सिमोन यांनी १८४२ मध्ये सविस्तर वर्णन केले. त्याच्यासाठी खास बनवलेल्या थेंबांना, लोटिलानेरला, अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट जुलै २०२३ मध्ये. आपल्या काही बंधूंना येथे लगेच 'आमच्या ऋषींनी हे आधीच पाहिले होते' असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हाला तो मोह आवरणे इष्ट वाटते. सूक्ष्मदर्शकाविना हा कीटक दिसत नाही, आणि तो अनेक निरोगी माणसांच्या पापण्यांतही असतो, विशेषतः उतारवयात. सुश्रुतांचे श्रेय निराळे आहे. खाजेचे नेमके स्थान त्यांनी हेरले व तेथेच चिकित्सा करावयास सांगितली. ते स्थान न पाहताच नेत्रबिंदू लिहिणाऱ्या आम्हाला त्यांच्या श्रेयात वाटा मागण्याचा अधिकार कितपत पोहोचतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या शल्य व शालाक्य पदव्युत्तरांना अठ्ठावन्न शस्त्रकर्मांचे शिक्षण देण्याविषयीची अधिसूचना निघाली, त्यांपैकी एकोणीस शालाक्यातील होती. त्यावर देशभर वादळ उठले आणि आपण सर्वांनी हिरिरीने बाजू मांडली. ते योग्यच झाले. परंतु पापणी पुसण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नव्हती, आणि ते काम आपण केले नाही.

स्वच्छतेला दुय्यम समजणाऱ्यांनी खुपऱ्यांचा इतिहास पाहावा. आपले बहुतेक अध्यापक पोथकीचा संबंध ज्या रोगाशी जोडतात तो हाच. भारत सरकारने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. संघटनेच्या धोरणाची चार अंगे आहेत : शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा. मुलाचे तोंड धुणे हे तेथे प्रतिजैविकाच्या पंक्तीला बसवले आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आमच्याकडे आम्ही जे शिकवतो ते असे. हात साबणाने धुवावेत. सुती, धुतलेल्या फडक्याची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावी व मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. निवली की पुन्हा बुडवावी, असे पाच ते दहा मिनिटे. थिजलेले तेल वितळण्यास एवढा वेळ लागतोच. एक-दोन मिनिटांचा शेक हा उपचार नव्हे, समाधान आहे. मात्र चरकांनी दृष्टीच्या ठिकाणी स्वेद मृदु द्यावा अथवा देऊच नये असे बजावले आहे, ते ध्यानात ठेवून पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहून घ्यावे. तव्यावर तापवलेली पुरचुंडी डोळ्यावर ठेवण्याची पद्धत आमच्या भागात आहे. ती बंद करावी. शेकानंतर बोटाच्या टोकाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच चोळावी. मग उकळून निववलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा कापसाच्या काडीने, डोळा मिटून, केसांच्या मुळांशी आडवे पुसावे. कोंडा फार असल्यास त्याच पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एखादा थेंब चालतो. काहींना त्यानेही चुरचुरते, त्यांनी नुसते पाणी वापरावे. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे. त्रास असेपर्यंत दिवसातून दोन वेळा, पुढे रोज एकदा, आणि हे पुढचे 'रोज एकदा' कधीच संपत नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. न सांगितल्यास रुग्ण आठ दिवसांत सोडून देतो आणि 'गुण आला नाही' म्हणतो. आम्ही हे सर्व दवाखान्यात एकदा करून दाखवतो. दहा मिनिटे जातात, गर्दीच्या वेळी ती जड जातात, हे कबूल.

सुश्रुतांनी निरोगी माणसालाही आवळ्याच्या कषायाने किंवा शीतोदकाने मुख व नेत्र धुण्यास सांगितले आहे. तेव्हा त्रिफळ्याचा काढा वापरू नये काय, असा प्रश्न येईल. वापरावा, पण कसा? रात्री तांब्याभर पाण्यात चूर्ण भिजत टाकून सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळलेले पाणी डोळ्यात मारणे, हे अनेक घरांत आमच्याच सल्ल्याने चालते. त्या पाण्यात चूर्णाचे कण असतात आणि जंतू वाढण्यास रात्रभर सवड मिळालेली असते. काढा ताजा उकळावा, अनेक पदरी स्वच्छ कापडातून गाळावा, निववून मिटलेल्या पापण्या बाहेरून पुसण्यापुरता वापरावा आणि उरलेला त्याच दिवशी ओतून द्यावा. डोळ्याच्या आत जाणारे कोणतेही द्रव्य घरी बनवून देणे आम्ही थांबवले आहे. मध, गुलाबपाणी, आईचे दूध, एरंडेल, यांतील काहीही डोळ्यात घालण्यास आम्ही आता सांगत नाही. काही वाचकांना हे रुचणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. पण शासनाच्या शेड्यूल 'टी'मध्ये आश्च्योतन व नेत्रमलहर बनवणाऱ्यांसाठी गाळणयंत्रे आणि ऑटोक्लेव्ह आवश्यक धरले आहेत ते उगीच नव्हे. कारखान्यावर जे बंधन आहे त्यातून दवाखान्याच्या मागच्या खोलीला सूट कशी मिळावी? २०२३ मध्ये चेन्नईजवळ बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडल्या गेलेल्या जंतुसंसर्गाने अमेरिकेतील अठरा राज्यांत ऐंशीहून अधिक रुग्ण बाधित झाले, काहींची दृष्टी गेली व चौघे दगावले. ती तर यंत्रांनी भरलेली, मोहोरबंद बाटली होती.

अंजनाविषयीही दोन शब्द. चरक व वाग्भट यांनी दिनचर्येत सौवीरांजन नित्य सांगितले, आणि स्रावणासाठी रसांजन काही रात्रींच्या अंतराने. त्याचा आधार घेऊन बाजारातील कोणतेही काजळ वा सुरमा खपवला जातो. सौवीरांजन हा अँटिमनीचा खनिज मानला जातो. बाजारातील सुरमा मात्र पुष्कळदा शिशाचा, गॅलेनाचा, असतो. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे, आणि काजळ घातलेले मूल डोळे चोळून तीच बोटे तोंडात घालते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मध्ये रंगासाठी शिसे वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. घरी दिव्यावर धरलेल्या काजळात शिसे नसेल, पण तेलकट काजळी कडेवर बसली की ग्रंथींची तोंडे बुजणारच. बाळंतिणीच्या घरी हे सांगताना आजीशी वाद होतो. आम्ही सांगतो, तीट कपाळाला लावा, गालाला लावा, डोळ्याच्या आत नको. बहुतेक आज्या तेवढे ऐकतात.

औषध दुकानदार मित्रांशी आमचे बोलणे थोडे स्पष्ट आहे. लाल डोळा दिसला की स्टिरॉइड आणि प्रतिजैविक यांचे मिश्र थेंब काउंटरवरून देण्याची सवय गावोगाव आहे. रुग्णाला एका दिवसात बरे वाटते, म्हणून तो पुन्हा तीच बाटली मागतो. पापणीच्या जुनाट दाहात ही बाटली महिनोन्‌महिने चालते आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू किंवा अकाली मोतीबिंदू पदरी पडतो. आपल्या भागात धोका आणखी एक आहे. उसाचे पाते डोळ्याला लागून बुबुळावर जखम झाली व तीत बुरशी शिरली, तर स्टिरॉइडचे थेंब म्हणजे त्या बुरशीला खतपाणी. हंगामात लाल डोळा घेऊन आलेल्या माणसाला 'पाला लागला होता का?' एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर 'होय' असेल तर कोणतीही बाटली न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. टी ट्री तेलाचीही विचारणा आता होऊ लागली आहे. ते निव्वळ स्वरूपात पापणीला लावण्यास कदापि देऊ नये, बुबुळ भाजते.

विक्री बुडेल अशी शंका असेल तर ती रास्त आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. कापूस आणि गरम पाणी यांत नफा नाही. परंतु बाटली देतानाच ती उघडल्याची तारीख पेनाने लिहून द्यावी व महिन्याने फेकण्यास सांगावे, स्वच्छतेची रीत छापलेली चिठ्ठी बरोबर द्यावी; असा दुकानदार गावात विश्वासाचा होतो आणि तो विश्वास पुढे इतर औषधांनाही लागू होतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

पापणीची स्वच्छता सांगताना काय सोडून देऊ नये, तेही नोंदवतो. वारंवार रांजणवाडी येणाऱ्याची रक्तशर्करा तपासावी. लहान मुलाच्या पापणीच्या केसांना काळसर ठिपके चिकटलेले दिसले तर भिंगाने पाहावे, त्या उवा-लिखाही असू शकतात. आणि उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा लगण होत असेल, किंवा त्या गाठीवरचे केस गळून पडले असतील, तर शेकत बसू नये. तैलग्रंथींचा कर्करोग याच रूपात येतो, आणि पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. अशी गाठ कापल्यास ती फेकून न देता तपासणीस पाठवली जाईल, याची खात्री आपणच करून घ्यावी.

त्या आजी अजूनही येतात. गुडघ्यांसाठी येतात. दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली आहे. गेल्या खेपेस त्यांनी सुनेला बरोबर आणले होते, तिच्या डोळ्याला रांजणवाडी आली होती. आम्ही भिंग शोधेपर्यंत आजींनीच तिला शेक कसा द्यायचा ते सांगून टाकले होते, आणि पाणी 'हितं बघायचं' म्हणून स्वतःचे मनगट पुढे केले होते.